पार्सल लॉकर सतत भरलेले: जास्त कप्पे घ्यावेत की फेरी बदलावी?

सकाळची_फेरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या डेपोतून रोज सकाळी पार्सल लॉकर (ग्राहक कोड टाकून आपलं पार्सल स्वतः उचलतात ती कप्प्यांची कपाटं) भरायला गाड्या सुटतात, त्यांची आखणी मी करते. बहुतेक युनिट ६४ कप्प्यांची आहेत: ३२ लहान, २४ मध्यम, ८ मोठे. सातच्या सुमाराला गाडी पहिल्या लॉकरपाशी पोचते आणि तिथेच घोळ सुरू होतो, कारण कप्पे रिकामेच नसतात. बसतील तेवढी पार्सलं ड्रायव्हर ठेवतो. उरलेली दिवसभर गाडीत फिरतात, दुपारी डेपोत परत येतात आणि दुसऱ्या दिवशीच्या मालात त्यांची भर पडते. ग्राहकाला मात्र ‘आज मिळेल’ असा मेसेज आधीच गेलेला असतो.

पार्सल कप्प्यात तीन दिवस ठेवायची मुभा आहे. लॉगवरून काढलं तर सरासरी ४० तास राहतं. रिटर्न, म्हणजे ग्राहकांनी परत पाठवायला ठेवलेली पार्सलं, उचलायला संध्याकाळी वेगळी गाडी जाते.

वरिष्ठांचं म्हणणं आहे की प्रत्येक युनिटला १२ कप्प्यांचा एक कॉलम वाढवू. ऑर्डर जायच्या आधी ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांचं ऐकायचं आहे. कॉलमने प्रश्न सुटेल का? की वेळापत्रक, सॉफ्टवेअर, गाडी भरण्याची पद्धत, यात आधी काही करण्यासारखं आहे?

हब_रात्रपाळी

कॉलम वाढवल्याने फरक पडतो, नाही असं नाही. पण जागेच्या मालकाची परवानगी, खालचा पाया, वीजजोडणी, सगळं पुन्हा करावं लागतं. त्यात वेळ जातो. तोवर एक बघा: कोणत्या मापाचे कप्पे आधी संपतात? सगळे एकदम भरत असतील तर गोष्ट वेगळी. मोठे संपले आणि लहान रिकामे राहिले, असं होत असेल तर चूक लॉकरपाशी नाही, हबमध्ये, म्हणजे पार्सलं वेगळी करून पुढे पाठवतात तिथे आहे. माप न घेताच पार्सलं पुढे जात असणार.

कप्पा_आणि_किल्ली

मी आधी लॉकरच्या रूटवर गाडी चालवायचो, आता तेच रूट आखतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. जरा लांबेल, पण प्रश्न नेमका आहे, तर उत्तरही नीट द्यायला हवं.

लॉकरची क्षमता कप्प्यांच्या संख्येवर जेवढी ठरते, तेवढीच पार्सल किती वेळ आत बसून राहतं त्यावर ठरते. रांगांच्या गणितात याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. आत असलेला माल म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, इतकंच. तुमचे आकडे घाला. ६४ कप्पे, सरासरी ४० तास, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ३८ पार्सलं. १२ कप्प्यांचा कॉलम जोडला तर ७६ कप्प्यांतून ४५ होतात. कॉलम न जोडता सरासरी ४० वरून २८ तासांवर आणली तर त्याच ६४ कप्प्यांतून ५४ जातात. हा कागदावरचा कमाल आकडा आहे. प्रत्यक्षात मापं जुळत नाहीत, माल रोज सारखा येत नाही, त्यामुळे त्याच्या बराच खाली राहावं लागतं. पण कोणत्या बाजूला जोर लावायचा ते यातून कळतं.

आता तो वेळ कमी कसा करायचा? इथे बहुतेक जण ग्राहकाच्या मागे लागतात. मी आधी तुमच्या सातच्या गाडीच्या मागे लागेन.

कप्पा रिकामा झाला की तो लगेच कामाला येत नाही. पुढची गाडी येईपर्यंत तो नुसताच रिकामा असतो. माणसं पार्सल कधी उचलतात ते लॉगमध्ये तासागणिक काढा. वस्तीतल्या लॉकरवर साधारण दोन गर्दीच्या वेळा दिसतात, एक सकाळी कामावर जाताना आणि दुसरी, जास्त मोठी, संध्याकाळी परतताना. तुमची गाडी सातला येते, म्हणजे सकाळच्या गर्दीच्या आधी. आठ ते दहामध्ये रिकामे होणारे कप्पे मग दुसऱ्या दिवशी सातपर्यंत तसेच पडून राहतात. तीच गाडी अकराला आणा. आदल्या संध्याकाळी आणि आज सकाळी रिकामे झालेले, दोन्ही कप्पे तिला मिळतील, आणि ठेवलेलं पार्सल संध्याकाळच्या गर्दीला हजर असेल. एकही कप्पा न वाढवता हे होतं. सगळ्या लॉकरना अकरा गाठणं एका गाडीला जमणार नाही, ते खरं. म्हणून फेरीचा क्रम अंतरावर न लावता लॉकरच्या स्वभावावर लावा. ज्यांची सकाळची गर्दी मोठी आहे ते शेवटी, ज्यांच्याकडे संध्याकाळीच सगळं उचललं जातं ते आधी. थोडे किलोमीटर वाढतील. परत येणाऱ्या पार्सलांचे किलोमीटर वाचतात, ते त्यातून वजा करून बघा.

ऑफिसांच्या भागातले लॉकर वेगळे वागतात. तिथे शुक्रवारी ठेवलेलं पार्सल सोमवारपर्यंत हलत नाही. शुक्रवारी तिथे गच्च भरणं म्हणजे सोमवारची गाडी आधीच अडवून ठेवणं.

दुसरी गोष्ट मुदतीची. ७२ तास पार्सल ठेवल्या क्षणापासून मोजत असाल तर ते बंद करा. मुदत दुपारी तीनला संपली, तरी पार्सल बाहेर काढणारा माणूस उद्याच येणार. मधल्या वेळात ग्राहकाचा कोड बंद, कप्पा भरलेला, आणि उपयोग कोणालाच नाही. मुदत गाडीच्या वेळेला बांधा. आणि माझी कळकळीची विनंती आहे, ड्रायव्हर प्रत्यक्ष कप्पा उघडून पार्सल बाहेर काढेपर्यंत ग्राहकाचा कोड चालू ठेवा. माणूस धापा टाकत लॉकरपाशी येतो, पार्सल दाराच्या पलीकडे आहे, आणि स्क्रीन म्हणते मुदत संपली. हे मी गाडीजवळ उभं राहून पाहिलंय. त्या माणसाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसायचं.

तिसरं, लॉकरपाशी जाणारा वेळ. ड्रायव्हर काय करतो ते एकदा शेजारी उभं राहून बघाच. तो लॉगिन करतो, पार्सल स्कॅन करतो, खाली डावीकडचं दार उघडतं. वाकून ठेवतो, दार लावतो, पडद्यापाशी येतो. पुढचं स्कॅन करतो, दार उघडतं थेट उजव्या टोकाला, डोक्याच्या वर. पुन्हा चालत जा, हात वर करा, दार लावा, परत या. मधेच एखाद्या चकचकीत प्लास्टिकच्या पिशवीवरचा बारकोड चुरगळलेला असतो. उन्हात तो स्कॅन होत नाही, मग अंगाची सावली धरून पुन्हा प्रयत्न. सॉफ्टवेअरने एका कॉलममधले कप्पे संपवून मग पुढच्या कॉलमकडे जायचं, एवढी साधी गोष्ट असते. पण बऱ्याच ठिकाणी कप्पा कोणताही दिला जातो, कारण ते लिहिणाऱ्याने कधी पार्सलं भरलेली नसतात.

क्रम असा हवा: आधी मुदत संपलेली पार्सलं बाहेर, मग रिटर्न बाहेर, मग मोकळ्या झालेल्या कप्प्यांसह सगळे कप्पे नव्या मालाला. आणि नव्यात मोठी पार्सलं आधी. लहान पार्सलाला मोठा कप्पा चालतो, मोठ्याला लहान चालत नाही. लहान आधी भरली आणि त्यातली चार मोठ्या कप्प्यांत गेली, की तुमच्या आठपैकी निम्मे संपले. त्यासाठी डेपोत प्रत्येक लॉकरचा माल वेगळ्या क्रेटमध्ये आणि मोठे नग वर, असं भरून निघालं पाहिजे. गाडीतच शोधाशोध करायची वेळ आली तर उशीर ठरलेला.

रांग_आणि_कोड

मी अशा सिस्टिमचं सॉफ्टवेअर लिहितो. वरचं कॉलमचं बोलणं रास्त आहे, मान्य. आरक्षणाबद्दल थोडी भर घालतो.

गाडी निघण्याआधी कोणतं पार्सल कोणत्या मापाच्या कप्प्यात जाणार, हे डेपोतच ठरलं पाहिजे. त्यासाठी हबमध्ये प्रत्येक पार्सलाची लांबी, रुंदी, उंची मोजली जाणं गरजेचं. पोलंडमधल्या इनपोस्ट या लॉकर कंपनीची मापं बघा. तिन्ही मापांचे कप्पे ३८ सेंटिमीटर रुंद आणि ६४ खोल. फक्त उंची बदलते: ८, १९ आणि ४१. म्हणजे पार्सल कसं आडवं करायचं हे ठरलं की एकाच बाजूचा निर्णय उरतो. पाठवणाऱ्यालाही ही मापं आधीच ठाऊक असल्याने खोकं त्यात बसेल असंच बांधलं जातं. विक्रेत्यांना तुमच्या कप्प्यांची मापं कळवली आहेत का? मोठे कप्पे अडवणारी बरीच खोकी आतून निम्मी हवाच असतात.

मग प्रश्न येतो की सकाळी सहाला भरलेला दिसणारा कप्पा गाडी पोचेपर्यंत रिकामा होईल का. फक्त रिकाम्या कप्प्यांइतकाच माल पाठवला तर गाडी अर्धी रिकामी जाते. त्या लॉकरच्या जुन्या नोंदींवरून, गाडी यायच्या आत साधारण किती कप्पे सुटतात त्याचा अंदाज घ्या आणि तेवढा माल जास्त पाठवा. विमान कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात, तोच हिशेब. पण हे लहान कप्प्यांवरच करा. ३२ कप्प्यांत सरासरी टिकते. ८ मोठ्यांत एक माणूस उशिरा आला की सगळा अंदाज कोलमडतो. मोठ्यांसाठी पक्का रिकामा असेल तरच पाठवायचं.

एक सावधगिरी. स्क्रीन नसलेली, बॅटरीवर चालणारी, फोनच्या ब्लूटूथने उघडणारी युनिट तुमच्याकडे असतील तर बघा. त्यांतली काही स्वतः नेटवर्कला जोडलेली नसतात. दार उघडल्याची नोंद ग्राहकाच्या फोनमार्फत सर्व्हरला जाते. फोनला रेंज नसेल तर नोंद उशिरा पोचते आणि कप्पा प्रत्यक्षात रिकामा असून तुम्हाला भरलेला दिसतो. अंदाज बांधताना ही युनिट वेगळी धरा.

कप्पा_आणि_किल्ली

याच्या उलटही होतं. सिस्टिम म्हणते रिकामा, दार उघडतं, आत रिकामं खोकं. ग्राहकाने तिथेच फोडून वस्तू नेलेली असते. किंवा दार नीट न लावता माणूस गेला, की तो कप्पा बंद पडल्यात जमा. ड्रायव्हरच्या हातातल्या ॲपवर ‘हा कप्पा वापरता येत नाही, दुसरा द्या’ असं एकच बटण हवं. फोन करून कळवायला लावलं तर कोणी कळवत नाही, आणि तो कप्पा आठवडाभर मेलेला राहतो.

सकाळची_फेरी

खूप उपयोगाचं आहे हे, मनापासून आभार. दुपारी लॉग काढून बघितला. वस्तीतल्या लॉकरवर सकाळी आठ ते दहाची गर्दी स्पष्ट दिसते, आणि मोठे कप्पे सगळ्यात आधी संपतात. म्हणजे दोन्ही अंदाज खरे.

दोन शंका. वरिष्ठ आता म्हणतात की मुदत तीन दिवसांवरून एक दिवसावर आणू आणि त्यापुढे दंड लावू, म्हणजे लोक आपोआप लवकर येतील. मला ते पटत नाही, पण बैठकीत बोलायला मुद्दा हवा. आणि रिटर्नच्या संध्याकाळच्या गाडीचं काय करायचं?

कप्पा_आणि_किल्ली

दंडाबद्दल एक घडलेली गोष्ट सांगा बैठकीत. चीनमधल्या हाइव्ह बॉक्स या मोठ्या लॉकर कंपनीने २०२० मध्ये १२ तासांनंतर शुल्क लावायला सुरुवात केली, दर १२ तासांना अर्धा युआन. रक्कम क्षुल्लक होती, तरी लोक भडकले. काही वसाहतींनी आपल्याकडचे लॉकर वापरायचं थांबवलं, आणि कंपनीला फुकट मुदत १८ तासांपर्यंत वाढवावी लागली. रागाचं एक मोठं कारण असं होतं की कितीतरी वेळा पार्सल लॉकरमध्ये ठेवायचं हे ग्राहकाने ठरवलेलंच नव्हतं. दारात आणून द्यायचं ते कुरिअरवाल्याने परस्पर तिथे ठेवलं, आणि वर पैसे ग्राहकाने द्यायचे. तुमच्याकडे ग्राहक स्वतः लॉकर निवडत असेल तरी रात्रपाळीची नर्स, आजारी माणूस, बाहेरगावी गेलेलं कुटुंब, यांना एका दिवसाची मुदत म्हणजे पार्सल परतच जाणार. परत गेलेल्या पार्सलाचा खर्च दुहेरी, आणि तो माणूस पुन्हा लॉकर निवडत नाही.

मुदत कमीच करायची असेल तर दोन दिवस करून बघा. पोलंडमध्ये इनपोस्टची मुदत ४८ तासांचीच आहे आणि तिथे ती चालते. पण सोबत, अडचण असेल तर ॲपमधून एकदा मुदत वाढवायची सोय द्या. बहुतेक जण ती वापरणार नाहीत, ज्यांना खरी गरज आहे तेच वापरतील.

दंडापेक्षा मेसेजच्या वेळेवर काम करा. पार्सल ठेवल्याबरोबर एक मेसेज जातो तो ठीक. दुसरा मेसेज २४ तासांनी म्हणजे नेमका कामाच्या वेळात जातो, माणूस कामात असतो, वाचतो आणि विसरतो. तो संध्याकाळी माणसं परतीच्या वाटेला लागायच्या थोडा आधी पाठवा. त्यात लॉकर कुठे आहे ते आणि उघडायचा कोड दोन्ही द्या, जुना मेसेज शोधायला लावू नका. आणि कप्पे भरले म्हणून पार्सल ठेवता आलं नसेल तर तसंच कळवा. ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला’ असं लिहू नका. लोकांना उशीर समजतो, खोटं बोललेलं लक्षात राहतं.

शेजारच्या लॉकरमध्ये परस्पर वळवणं हा सोपा उपाय म्हणून कोणीतरी सुचवेलच. ऑर्डर देतानाच ‘हा भरलेला असेल तर दुसरा चालेल का’ असं विचारून ठेवलं असेल, तरच वळवा. गाडीला ते अंतर काहीच नसतं, पायी येणाऱ्या आजींना ते फार असतं. त्याच कारणाने, खालचे, हाताला येणारे काही कप्पे मागणाऱ्यांसाठी राखून ठेवा. व्हीलचेअरवरच्या माणसाचं पार्सल सर्वात वरच्या ओळीत पडलं तर लॉकर त्याच्यासाठी असून नसल्यासारखा. रांग_आणि_कोड, ही अट प्रोग्रॅममध्ये घालायला जड नसावी असं वाटतं?

रांग_आणि_कोड

अजिबात जड नाही. ग्राहकाच्या खात्यात एक खूण, आणि कप्पा देताना ती आधी तपासायची. फक्त राखलेले कप्पे गाडी पोचेपर्यंत मोकळे ठेवायचे आणि त्या दिवशी मागणी नसेल तर शेवटी भरायचे, नाहीतर क्षमता वाया जाते.

कप्पा_आणि_किल्ली

मग नक्की कराच.

आता रिटर्न. संध्याकाळची गाडी कप्पे मोकळे करते खरं, पण त्या कप्प्यांत रात्री माल भरायला कोणी येत नाही. म्हणजे भरण्याच्या दृष्टीने ती फेरी फुकट. दिवसाची गाडी तेच रिटर्न सकाळी उचलू शकते, आणि उचललेल्या कप्प्यात तिथल्या तिथे नवा माल टाकू शकते. एकच अडचण: रिटर्न ‘आज निघेल’ असं वचन विक्रेत्याला दिलं असेल तर संध्याकाळची गाडी लगेच बंद करता येणार नाही. आधी ते वचन ‘दुपारी बारापर्यंत टाकलेलं आज निघेल’ असं बदलून घ्या, तेही गाडी ज्या लॉकरवर बारानंतर जाते तिथेच. बाकीच्यांना उद्याचं सांगा. बहुतेक विक्रेते हरकत घेत नाहीत, त्यांना नक्की वेळ हवी असते.

गाडीत जागेचा विचार करा. सकाळी गच्च भरलेली गाडी पहिल्याच लॉकरवर रिटर्न घेणार कुठे? रिकामे, एकात एक बसणारे क्रेट सोबत द्या, आणि पहिल्या थांब्याचा माल दाराशी असू द्या, म्हणजे तो उतरला की तिथेच रिटर्नची जागा तयार होते.

आणि कप्प्यांची सगळ्यात मोठी बचत इथे आहे: ग्राहक पार्सल घ्यायला आला, दार उघडलं, त्याच क्षणी ॲपने विचारायचं, ‘काही परत करायचं आहे का?’ असेल तर त्याच कप्प्यात ठेवून दार लावायचं. रिटर्नला वेगळा कप्पा लागतच नाही, माणसालाही दोनदा यावं लागत नाही. लॉकर पूर्ण भरलेला असतानाही हे चालतं. तुमच्या सिस्टिममध्ये ही सोय नसेल तर कॉलमच्या ऑर्डरआधी पुरवठादाराकडे हीच मागा.

हब_रात्रपाळी

रिटर्नला लेबल नसेल तर ग्राहकाला खोक्यावर पेनाने कोड लिहायला सांगा आणि ड्रायव्हरकडे छोटा प्रिंटर द्या. लेबल लॉकरपाशीच लागलं तर हबमध्ये आम्हाला ते थेट पट्ट्यावर टाकता येतं. बिनलेबलचं खोकं रात्री बाजूला पडतं आणि ते कोणाचं हे शोधण्यात एक माणूस अडकतो.

सकाळची_फेरी

ठरलं. सर्वात वाईट दोन युनिट निवडते, एक वस्तीतलं आणि एक ऑफिसांजवळचं. वस्तीतल्यावर गाडी अकराला, ऑफिसजवळ शुक्रवारचा माल कमी, आणि दोन्हीकडे मोठी पार्सलं आधी. मुदत गाडीच्या वेळेला बांधायचं आणि त्याच कप्प्यात रिटर्न घ्यायचं पुरवठादाराला आजच लिहिते. कॉलमची ऑर्डर तोवर थांबवायला सांगते. कोणता आकडा रोज लिहून ठेवू, म्हणजे बैठकीत दाखवता येईल?

कप्पा_आणि_किल्ली

तीन. गाडी पोचली तेव्हा मापानुसार किती कप्पे रिकामे होते. किती पार्सलं परत आली आणि कोणत्या मापाची. आणि पार्सल ठेवल्यापासून उचलेपर्यंतचा मधला आकडा, म्हणजे निम्मी पार्सलं किती तासांत गेली. फक्त सरासरी नको, तीन दिवस पडून राहिलेली थोडी पार्सलं ती वर ओढतात. चार आठवडे तरी लिहा, त्यात महिन्याची सुरुवात येऊ द्या, तेव्हा माल वाढतो. त्यानंतरही मोठे कप्पेच संपत असतील तर कॉलम घ्या, पण १२ लहान-मध्यम कप्प्यांचा नको, फक्त मोठ्या कप्प्यांचा मागा.